आयडलला १०° बरोबर, तरी चढावर नॉकिंग: पॉइंटच्या इंजिनाचं टायमिंग कसं लावावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटर आणि पॉइंटवालं (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेलं) जुनं इंजिन. पुस्तकात आयडलला (इंजिन बिनओझ्याचं मंद चालू असताना) टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेच्या, आधी १०° दिलंय. टायमिंग लाइटने ते बरोबर लावलं, तरी चढावर टॉप गिअरमध्ये इंजिन ठोकतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून नॉकिंगचा आवाज येतो. ६° वर आणलं की आवाज जातो, पण पिकअपही जातो आणि तापमानाचा काटा वर सरकतो. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वेळेवर पाडून प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) बदलावा का?

इतक्यात नको. आयडलचे १०° ही टायमिंगच्या आलेखावरची फक्त एक जागा आहे. चढावर इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून ओढत असतं. तिथे ठिणगी किती अंशांवर पडते ते तुम्ही अजून मोजलेलं नाही, आणि दोष बहुधा तिथेच आहे.

मिश्रण जळायला वेळ लागतो आणि दाबाचं शिखर पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण १२ ते १६° खाली आलेला असताना यायला हवं. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६° फिरतो, ३००० ला १८°. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी लागते. पण वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळणही वाढते आणि मिश्रण भराभर जळतं, त्यामुळे साधारण ३०००-३५०० नंतर ॲडव्हान्स वाढवत राहण्याची गरज उरत नाही. हा चढता आणि मग सपाट होणारा आलेख डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं आणि दोन स्प्रिंग मिळून काढतात. स्प्रिंग ढिल्या पडल्या तर आलेख लवकर चढतो, वजनं गंजून अडकली तर तो चढतच नाही. दोन्ही वेळा आयडलचा आकडा अगदी पुस्तकाबरहुकूम दिसू शकतो.

सुरुवात मात्र पॉइंटपासूनच करा. टायमिंग लावून झाल्यावर पॉइंटचा गॅप बदलला की केलेलं सगळं काम पाण्यात, कारण गॅप वाढला की पॉइंट आधी उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. गॅप घटला की मागे. उलट डिस्ट्रिब्युटर फिरवला तर गॅपला काही होत नाही. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

बहुतेक चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे १४ ते १६ थाऊ (हजारांश इंच) गॅप लागतो. क्रँक फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या (शाफ्टवरच्या चार उंचवट्यांच्या भागाच्या) उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर आणा आणि मगच फीलर गेज घाला. पाती किंचित घासत जायला हवी. दाबून घालावी लागली तर स्प्रिंग मागे ढकलली जाते आणि माप खोटं येतं. गेज आधी स्वच्छ पुसा, तेलाचा थर पॉइंटवर लागला की तो जळून काळा होतो. वापरलेल्या पॉइंटमध्ये एका बाजूला टेकाड आणि समोर खड्डा झालेला असतो. सपाट पाती टेकाडावर टेकते, खड्ड्याची खोली तिला कळत नाही, त्यामुळे गेज ०.३८ सांगत असताना खरा गॅप बराच जास्त असतो. असे पॉइंट घासत बसण्यापेक्षा नवे टाका. टेकाड-खड्डा फार लवकर होत असेल तर कंडेन्सर संशयित. त्याची धारकता साधारण ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरड असावी लागते.

गेजपेक्षा ड्वेल मीटर खरं बोलतो. पॉइंट मिटलेले असताना डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट जितके अंश फिरतो तो ड्वेल. चार सिलिंडरला प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला शाफ्टचे ९०° येतात. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला त्यातले ६०° (तीन अंश इकडेतिकडे) मिटलेले हवेत, नंतरच्या ४५डी४ ला ५१° (पाच अंश इकडेतिकडे). तुमच्या डिस्ट्रिब्युटरचा आकडा पुस्तकात पाहा; गाडी तीच, पण मध्येच कोणी डिस्ट्रिब्युटर बदललेला असेल तर आकडा अंगावर कोरलेल्या नंबरावरून शोधा. ड्वेल १° घटला की क्रँकवर टायमिंग जवळपास १° पुढे जातं. म्हणजे पॉइंट बदलताना ड्वेल ६० चा ५४ झाला आणि टायमिंग पुन्हा पाहिलंच नाही, तर नकळत सहा अंश ॲडव्हान्स झाला.

ड्वेल मीटर लावलेलाच आहे तर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. व्हॅक्यूमची नळी (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या युनिटला जोडलेली) काढून आयडलचा ड्वेल वाचा, मग इंजिन २००० वर न्या. वाचन तीन अंशांपेक्षा जास्त हललं तर शाफ्टचा बुश झिजलाय. रोटर (झाकणाखाली शाफ्टवर फिरणारा तुकडा) काढा, शाफ्टचं टोक चिमटीत धरून आडवं हलवा. बोटाला स्पष्ट खटखट जाणवली की शंका मिटली. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये चारही उंचवट्यांना वेगवेगळा गॅप मिळतो, एक सिलिंडर ठोकत असतो तेव्हा दुसरा मागे पडलेला असतो आणि कोणताही आकडा लावा, इंजिन खूश होत नाही. बुश बदलणं किंवा डिस्ट्रिब्युटर बदलणं, दोनच मार्ग.

झाकण उघडं आहे तोवर आतली बारीक अर्थ वायर तपासा. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती व्हॅक्यूमच्या ओढीने थोडी फिरते, आणि प्लेट ते बॉडी अशी एक लवचीक वेणीदार वायर असते. वर्षानुवर्षं वाकून तिच्या तारा आतून तुटतात, वरचं कापडी आवरण मात्र शाबूत दिसतं. आयडलला ती टेकलेली असते. ॲक्सिलरेटर दिला, प्लेट फिरली, की जोड सुटतो आणि इंजिन मिसिंग करतं. लोक अशा वेळी कार्ब्युरेटर तीन-तीनदा खोलतात. प्लेट हाताने फिरवत मीटरने वायरचा रोध पाहिला की दोन मिनिटांत निकाल लागतो. कॅमला उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, रोटरखालच्या टोकात तेलाचे दोन थेंब. त्याहून जास्त नको, उडालेलं तेल पॉइंटवर बसतं.

आता खूण. टायमिंग लाइट पुलीवरची खूण दाखवतो. ती खूण खरी आहे की नाही हे त्याला माहीत नसतं. बऱ्याच इंजिनांच्या पुढच्या पुलीत आतलं बूड आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं. जुनं रबर सुटून कडं सरकलं की खूणही सरकते, आणि पाच-दहा अंशांची चूक सहज होते. कोणीतरी दुसऱ्या मॉडेलची पुली किंवा टायमिंग कव्हर बसवलेलं असेल तरी तेच. आयडलला १० वाचतंय आणि इंजिन ठोकतंय, तर खूण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यासाठी पिस्टन अडवणारा खुंटा लागतो. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढायची, आत आटे पाडून गोल टोकाचा बोल्ट घालायचा, झालं. बॅटरीची वायर सोडा, सगळे प्लग काढा, १ नंबरच्या भोकात खुंटा बसवा. पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हळूच फिरवा, पिस्टन खुंट्याला टेकेल. स्थिर दर्शकासमोर पुलीवर रेघ मारा. आता उलट्या दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या जवळच्या अंतराचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. कारखान्याची खूण तिथेच पडली तर उत्तम; नाही तर ती विसरून नवी कोरा. सेल्फ मारून हे कधीही करू नका, पिस्टन फुटेल. प्लगचं भोक फार तिरपं असेल तर खुंटा वाल्व्हला लागत नाही ना हे आधी पाहा.

अंशांच्या खुणा नसतील तर पुलीच्या कडेचा व्यास मोजा. व्यास गुणिले ३.१४१६ भागिले ३६० म्हणजे एका अंशाचं अंतर. १५० मिमीच्या पुलीवर ते १.३ मिमी येतं, म्हणजे १०° साठी १३ मिमी आणि ३४° साठी साडेचव्वेचाळीस. कागदाची पट्टी कापून ती वळणावर चिकटवून मोजा, सरळ पट्टीने मोजलेलं चुकतं. टीडीसी, १०, २०, ३० आणि ३४ वर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके द्या. जाड रेघेची जाडीच दोन अंश असते.

डिस्ट्रिब्युटर काढलेला असेल किंवा इंजिन खोललेलं असेल तर आधी स्थिर, म्हणजे इंजिन बंद ठेवून, टायमिंग लावावं लागतं. १ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर हवा. प्लगच्या भोकावर अंगठा धरून फिरवलं की हवा अंगठा उचलते, तोच स्ट्रोक. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात त्या वेळी ४ नंबरचे दोन्ही वाल्व्ह एक मिटत, एक उघडत झुलत असतात, ही दुसरी खात्री. काही फ्रेंच गाड्यांत १ नंबर फ्लायव्हीलच्या बाजूने मोजतात, तेवढं पुस्तकात पाहा. बहुतेक चार सिलिंडरचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असतो, पण फोर्डच्या केंट इंजिनाचा १-२-४-३ आहे. तिरप्या दात्यांच्या गिअरचा डिस्ट्रिब्युटर आत बसताना रोटर फिरत जातो, म्हणून काढण्यापूर्वी रोटरची जागा बॉडीवर आणि बॉडीची जागा ब्लॉकवर खुणेने नोंदवा.

दिव्याची पद्धत सोपी आहे. १२ व्होल्टचा, पाच वॉटपर्यंतचा लहान बल्ब घ्या. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. किल्ली चालू. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला, उघडले की पेटतो. इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवत, पुस्तकातल्या स्थिर टायमिंगची खूण दर्शकासमोर आणा. खूण ओलांडली तर तेवढंच मागे घेऊ नका. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाही तर टायमिंग चेनचा आणि गिअरचा ढिलेपणा हिशेबात शिरतो. मग डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प हाताने जोर लावून फिरेल इतकाच सैल करा. बॉडी आधी रोटरच्या दिशेने, दिवा विझेपर्यंत फिरवा, आणि मग रोटरच्या विरुद्ध दिशेने हळूहळू आणा. दिवा ज्या क्षणी पेटतो तिथे थांबा आणि क्लॅम्प आवळा. रोटरवर या वेळी बोटाने त्याच्या दिशेच्या उलट हलका दाब ठेवा, म्हणजे शाफ्टचा ढिलेपणा एका बाजूला राहतो. किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती तापून खराब होते.

बॉडी रोटरच्या विरुद्ध फिरवली की ॲडव्हान्स, रोटरच्या दिशेने फिरवली की रिटार्ड. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी १° हलवली की क्रँकवर २° पडतात. लुकासच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरवर व्हॅक्यूम युनिटपाशी दातेरी लहान नट असतो. बारीक फेरफारासाठी तोच वापरा, साधारण ११ टकटक म्हणजे क्रँकचा एक अंश. क्लॅम्पचा बोल्ट अति आवळू नका, त्या पत्र्याचं कडं वाकतं आणि मग डिस्ट्रिब्युटर कधीच घट्ट बसत नाही.

टायमिंग लाइटकडे येऊ. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक बंद, व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढून तिचं तोंड बंद केलेलं. (काही इंजिनांना, विशेषतः ७० च्या दशकातल्या प्रदूषण नियंत्रणवाल्यांना, नळी लावूनच आकडा दिलेला असतो, पुस्तक सांगेल तसं.) चिमटा १ नंबरच्या वायरला, त्यावरचा बाण प्लगकडे. गाडी पॉझिटिव्ह अर्थ असेल तरी लाल क्लिप बॅटरीच्या धन टोकाला आणि काळी ऋण टोकालाच. अर्थ कुठला याचा लाइटशी संबंध नाही. झगमगत्या प्रकाशात फॅन थांबल्यासारखा दिसतो. तो थांबलेला नसतो. बाह्या, गळ्यातला मफलर, वायरी दूर ठेवा.

आयडलवर मोजताना लोक एका गोष्टीला फसतात. आयडल ९०० वर असेल आणि वजनं ७०० लाच उघडायला लागत असतील, तर लाइट दाखवतो त्या १० अंशांत वजनांचे तीन-चार अंश मिसळलेले असतात. म्हणून आयडलचा स्क्रू फिरवून वेग ५००-६०० वर आणा आणि पाहा. खूण मागे सरकत सरकत एका जागी स्थिरावली तर तो खरा मूळ आकडा. मुळात पुस्तकंही दोन आकडे देतात ते याचमुळे: सुरुवातीच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला स्थिर १०° आणि ६०० आरपीएमला लाइटने १४° आहे. स्थिर आकडा लाइटवर लावला तर चार अंश मागे राहतात, आणि उलट केलं तर चार अंश पुढे. तुमच्या पुस्तकातले १०° यांतले कोणते, हे पुन्हा वाचा. टायमिंग पुढे नेलं की आयडल आपोआप वाढतो, म्हणून प्रत्येक फेरफारानंतर आधी आयडल जागेवर आणा आणि मगच पुन्हा वाचा.

खूण एका जागी शांत दिसायला हवी. ती दोन-तीन अंश थरथरत असेल तर बुश झिजलाय, नाही तर टायमिंग चेन ढिली. चेनचा निकाल इंजिन बंद ठेवून लागतो: झाकण काढून पुली पानाने एका दिशेला फिरवा, मग उलट फिरवायला लागा. रोटर हलायच्या आत पुली साधारण पाच अंशांहून जास्त फिरली तर चेन आणि गिअरकडे पाहायची वेळ झाली.

आता मूळ मुद्दा, आलेख. व्हॅक्यूम बंदच ठेवा. दुसऱ्या माणसाला ॲक्सिलरेटरवर बसवा आणि ८००, १५००, २०००, २५००, ३००० आणि ३५०० वर वाचन घ्या. डायलवाला लाइट असेल तर काम सोपं, नसेल तर पुलीवरचे ठिपके आहेतच. समजा पुस्तकाप्रमाणे १५०० ला १५°, २००० ला २०°, २५०० ला २५° आणि ३५०० ला ३२° हवेत, आणि तुम्हाला १५०० ला २२°, २००० ला ३०°, पुढे ३५०० ला ३४° मिळाले. शेवटचा आकडा जवळपास बरोबर, आयडल बरोबर, पण मधोमध दहा अंश जास्त. चढावर इंजिन नेमकं त्या मधल्या पट्ट्यात असतं. तुमची लक्षणं याला तंतोतंत जुळतात: सगळा आलेख चार अंश खाली ओढला की नॉकिंग थांबतं, पण मग आयडलला आणि वरच्या वेगाला टायमिंग मागे पडतं, पिकअप जातो. जळणं उशिरापर्यंत चालू राहतं, उष्णता एक्झॉस्ट वाल्व्ह, मॅनिफोल्ड आणि पाण्यात जाते, काटा चढतो. म्हणून ‘रिटार्ड करून ठेवा, सुरक्षित राहील’ हा सल्ला मला पटत नाही. एक्झॉस्ट वाल्व्ह जाळायची तीही एक पद्धतच आहे.

इलाज आहे तो योग्य स्प्रिंगचा. प्लेट उचलली की दोन स्प्रिंग दिसतील, बहुधा एक बारीक आणि एक जाड. जाड स्प्रिंगचा एक डोळा लांबट आणि सैल असतो. ती मुद्दाम तशी आहे, ठरावीक वेगानंतरच ती ओढायला लागते आणि तिथून आलेखाचा चढ कमी होतो. ती ‘ढिली’ आहे म्हणून तिचं टोक वाकवून ती ताणलेले असंख्य डिस्ट्रिब्युटर सापडतात. तिथे आलेख संपला. बारीक स्प्रिंग मात्र थांबलेल्या स्थितीतही किंचित ताणात हवी. ती लोंबत असेल तर बदला, आणि डिस्ट्रिब्युटरच्या नंबराला लागणारीच घ्या. कॅमच्या बुडाच्या प्लेटवर १०, १२, १५ असा आकडा कोरलेला असतो. तो वजनांचा कमाल ॲडव्हान्स डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत, क्रँकवर त्याची दुप्पट. १२ चा कॅम म्हणजे क्रँकवर २४°. मूळ १०° धरून एकूण ३४°. कोणी १५ चा कॅम असलेला डिस्ट्रिब्युटर बसवला असेल तर तेच १०° लावल्यावर एकूण ४०° होतात, आणि बरीच जुनी इंजिनं ३० ते ३६ अंशांवर खूश असतात. बाहेरून दोन्ही डिस्ट्रिब्युटर सारखे दिसतात, भोकात सारखे बसतात.

इथे माझं मत स्पष्ट आहे. आलेखाचा आकार बरोबर असेल, तर टायमिंग आयडलला न लावता पूर्ण ॲडव्हान्सला लावा. ३५०० वर एकूण आकडा पुस्तकातल्या बेरजेइतका आणा आणि आयडलला जे येईल ते येऊ द्या; दोन अंशांचा फरक आयडलला सहन होतो, वर होत नाही. वरच्या वेगातलं नॉकिंग इंजिन आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकूच येत नाही, थेट पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडल्यावर कळतं. व्हॅक्यूम गेज लावून काटा सर्वांत वर जाईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवण्याची पद्धत याच कारणाने टाळावी. बिनओझ्याच्या आयडलला इंजिनाला २०-२५° सुद्धा आवडतात, त्यावर वजनांचे २४ चढले की काय होईल ते उघड आहे.

वजनं अडकली आहेत का हे तर लाइटशिवायही कळतं. रोटर त्याच्या दिशेने फिरवून सोडा. तो झटकन परत यायला हवा. अर्ध्यात थांबला तर खाली गंज आहे. सगळं सोडवून साफ करा, खुंट्यांना हलकं तेल द्या.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सला चढावरच्या नॉकिंगसाठी दोष देण्याआधी एक लक्षात घ्या: थ्रॉटल पूर्ण उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळपास नसतोच, म्हणून ते युनिट तेव्हा झोपलेलं असतं. पूर्ण ॲक्सिलरेटरला ठोकतं ते मूळ टायमिंग किंवा वजनांमुळे. सपाट रस्त्यावर अर्ध्या ॲक्सिलरेटरला किणकिण येत असेल आणि नळी काढल्यावर थांबत असेल, तरच व्हॅक्यूम दोषी. लुकासच्या युनिटवर ५-१७-१० असे तीन आकडे असतात: ५ इंच पाऱ्याला सुरुवात, १७ इंचाला पूर्ण, आणि कमाल १० अंश डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे क्रँकवर २०. नळीला तोंड लावून ओढा आणि जिभेने बंद करा. पॉइंटची प्लेट फिरून तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर पडदा फाटलाय. फाटक्या पडद्याने ठोकत नाही, फक्त पेट्रोल जास्त जातं, आणि नळी थेट मॅनिफोल्डला जोडलेली असेल तर त्या वाटेने हवा शिरून मिश्रण पातळ होतं. युनिट काढून नळी कायमची बंद करून ठेवण्याची रीत चुकीची आहे. हलक्या ओझ्यावर मिश्रण विरळ असतं, हळू जळतं, त्याला ते जास्तीचे अंश लागतात.

हे सगळं बरोबर निघालं आणि तरीही ठोकतं, तर कारण टायमिंगबाहेर आहे: मिश्रण पातळ, सिलिंडर हेडमध्ये साचलेला कार्बन, फार गरम जातीचे प्लग, थर्मोस्टॅट किंवा रेडिएटर. आणि पेट्रोल. जुन्या पुस्तकातले आकडे त्या काळच्या शिसंयुक्त पेट्रोलसाठी होते. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९७ च्या वरचा ऑक्टेन अपेक्षित असायचा. हल्लीचं कमी ऑक्टेनचं पेट्रोल असेल तर एकूण आकडा दोन-तीन अंश कमी करणं रास्त आहे, पण आलेख दुरुस्त केल्यानंतर, त्याच्या बदल्यात नव्हे.

शेवटची पारख रस्त्यावर. इंजिन गरम, टॉप गिअर, ४० च्या आसपास वेग, चढ, ॲक्सिलरेटर पूर्ण. बारीक किणकिण क्षणभर आली आणि वेग घेताच गेली तर एक अंश मागे घ्या. टिकून राहिली तर दोन, आणि पुन्हा पारखा. गरम इंजिन सेल्फ मारताना अडखळून उलटा झटका देत असेल तर मूळ टायमिंग फार पुढे आहे. किल्ली बंद केल्यावर इंजिन फडफडत राहतं त्याचा दोष मात्र लगेच टायमिंगवर टाकू नका, आधी आयडलचा वेग आणि कार्बन पाहा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं तर ड्वेल लावायचं काम संपतं, बुशचं आणि स्प्रिंगचं नाही. मॉड्यूलची ठिणगी पॉइंटच्याच जागी पडेल असं नसतं, म्हणून बसवल्यावर टायमिंग लाइटने पुन्हा लावावंच लागतं. दिव्याची पद्धत तिथे भरवशाची नाही, आणि इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवली तर काही मॉड्यूल जळतात. पॉइंटच ठेवणार असाल तर नवी टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झिजून बसते, गॅप घटतो आणि टायमिंग मागे जातं. ५०० ते ८०० किमीनंतर ड्वेल आणि टायमिंग, त्याच क्रमाने, पुन्हा पाहा. त्यानंतर दर ५००० किमीला.